बाकावर कोणाचं नाव

एका सशाला ढाल मिळाली आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

ससा एइलर्ट ब्रुन्सचा, म्हणजे फोल्कर्ट उकेनाच्या शेजाऱ्याचा. रंगाने राखाडी, कान लोंबते, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी नुकताच अपमान केल्याचा भाव. प्रांताच्या प्रदर्शनात तो पहिला आला, पेपरात फोटो छापून आला, आणि फोटोत सशापेक्षा एइलर्टच जास्त होता. ही बातमी फोल्कर्टच्या बायकोने, थेडाने, दुपारच्या चहाला मोठ्याने वाचून दाखवली. मग पेपरची घडी घालत ती म्हणाली, "एइलर्टने ससे पाळायला घेतले आणि तू ते कॉम्प्युटरचं सुरू केलंस, एकाच हिवाळ्यात ना रे?"

"असेल."

"तुमच्यात नाही का कुणी ढाल देत?"

"आमच्यात तसलं काही नसतं."

"अरेरे," थेडा म्हणाली आणि तिने त्याच्या कपात चहा ओतला.

आता थेडा टोमणे मारणाऱ्यांतली नाही. ती मनात येईल ते सरळ बोलते, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. त्या "अरेरे"मध्ये खरीखुरी सहानुभूती होती. टोमणा असता तर फोल्कर्टने पचवला असता, पण सहानुभूती काही त्याच्या गळ्याखाली उतरेना.

त्याचं दुखणं असं होतं. नोकरी त्याने जन्मभर पाणीपुरवठा खात्यात केली, आता निवृत्त. पण गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी जेवण झालं की तो वरच्या खोलीत जाऊन एका प्रोग्रामची देखभाल करत बसे. कागदावर पाठपोट छापायचं म्हटलं की काही प्रिंटर पानांचा क्रम उलटा लावतात, काही मागची बाजू डोक्यावर उभी करतात. फोल्कर्टच्या प्रोग्राममुळे तसं होत नाही. एवढंच त्याचं काम. त्याने तो लिहिला आणि ओपन सोर्सच्या रिवाजाप्रमाणे जगाला देऊन टाकला. ज्याला हवा त्याने घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. जगाने घेतलाही. कुठकुठल्या देशांतल्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत, शाळांत तो प्रिंटरच्या मागे निमूट बसलेला आहे. त्याचं नाव 'पानं-दोन'. 'पानं-एक'चं काय झालं ते फोल्कर्ट सांगत नाही.

अडचण अशी की पानं सरळ आली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. उलटी आली की मात्र लोक शिव्या घालतात, आणि त्या फोल्कर्टपर्यंत इमानेइतबारे पोचतात. ब्राझीलहून एका गृहस्थाने त्याच्या आईचा उद्धार करणारी ई-मेल पाठवली होती. फोल्कर्टने शब्दकोश काढून ती वाचली, चूक दुरुस्त केली आणि कळवल्याबद्दल आभार मानले. शाबासकीची ई-मेल आजवर एकदाच आली, आणि ती दुसऱ्याच कुणासाठी होती. थेडाला विचाराल तर ती लोकांना सांगे, "त्याचं काहीतरी कागदांचं असतं."

तर अशा मनःस्थितीत असताना मंडळाचं प्रकरण उपटलं.

आमच्या टामेनफेन गावात ओपन सोर्सवाल्यांचं एक मंडळ आहे. रीतसर नोंदणी झालेलं, घटना-बिटना असलेलं, कारण आमच्याकडे तिघांना एकच छंद लागला की चौथा जाऊन नोंदणी करून येतो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अग्निशमन दलाच्या मागच्या खोलीत सभा भरते. अध्यक्ष हाबो क्रामर, निवृत्त गणितशिक्षक. चिटणीस फोल्कर्ट, कारण इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. बाकी सगळे पिकल्या दाढ्यांचे पुरुष, आणि पवनचक्क्यांच्या कंपनीत काम करणारी वीबके, वयाने सर्वांत लहान आणि बोलायला सर्वांत पुढे. मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, वयाचा मुलाहिजा नाही.

मंडळाचा कारभार जगातल्या पुष्कळ ओपन सोर्सवाल्यांसारखाच चालतो, म्हणजे मतदान नाही. ज्याला काही करायचं असेल त्याने ई-मेलने सर्वांना कळवायचं, आणि ठरलेल्या दिवसापर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव मंजूर. गप्प बसणं म्हणजे होकार. ही पद्धत ज्याने कुणी काढली त्याच्या डोळ्यासमोर बोलकी माणसं असणार. आमच्या पूर्व फ्रीसलंड भागात माणूस सकाळी 'मोइन', म्हणजे रामराम, म्हणतो आणि दिवसभराचं बोलणं उरकल्यासारखा कामाला लागतो. त्यामुळे टामेनफेनच्या मंडळात आजवर एकही प्रस्ताव फेटाळला गेलेला नाही. फोल्कर्टने एकदा थेडाची किराणा मालाची यादी चुकून सर्वांना पाठवली होती. तीही मंजूर झाली. इतिवृत्तात तशी नोंद आहे.

मंडळाला पंचवीस वर्षं होत आली आणि कर खात्याने आठवण करून दिली की, धर्मादाय मंडळाने पैसे साठवून ठेवायचे नसतात, खर्च करायचे असतात. आता आली का पंचाईत! ज्यांचा सगळा जन्म फुकट वाटण्यात गेला त्या लोकांना पैसे कशावर घालवावेत ते सुचेना. फोल्कर्टने कुंपणापाशी सहज विषय काढला, तर एइलर्टकडे उत्तर तयारच होतं. त्याच्याकडे सगळ्याच गोष्टींची उत्तरं तयार असतात, आणि ढाल मिळाल्यापासून तर ती न विचारताही मिळू लागली होती.

"बाक द्या," एइलर्ट म्हणाला. "कालव्यावर. आम्ही ससेवाल्यांनी नाही का दिला? वर पितळी पाटी, पाटीवर नाव. नुसता बाक दिलास तर लोक त्याला कुत्री बांधतात. नाव असलं की बसतात."

"कुणाचं नाव?"

"आम्ही आमच्या गेलेल्या अध्यक्षांचं घातलं. तुम्ही तुमच्यातला जो कोण मोठा असेल त्याचं घाला. आहे ना कुणी मोठा?"

"आहेत," फोल्कर्ट म्हणाला.

"मग झालं तर," असं म्हणून एइलर्ट ससा कुरवाळत आत गेला.

बाकाचा प्रस्ताव मंजूर झाला. मजकूरही ठरला: 'ओपन सोर्सच्या जगावर ज्यांचा सर्वांत मोठा प्रभाव पडला, त्या अमुक अमुक यांच्या सन्मानार्थ'. आता फक्त अमुक अमुक ठरायचं होतं. आणि काय सांगावं, पंचवीस वर्षं गप्प बसलेली माणसं त्या मंगळवारी जी बोलायला लागली ती थांबेनातच. बाहेर फायरमन लोकांचा सराव चालला होता, ते काय पेटलंय म्हणून दोनदा डोकावून गेले.

हाबोचं म्हणणं, ज्याने गाभा, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळे प्रोग्राम चालतात तो मूळ प्रोग्राम, लिहिला त्याचं नाव. खजिनदारांचं म्हणणं, गाभा काय कुणीही लिहील, पण तो कुणाच्या बापाच्या मालकीचा होणार नाही असा परवाना ज्याने लिहिला तो खरा. गाभेवाले परवानेवाल्यांना वकील म्हणाले, परवानेवाले गाभेवाल्यांना प्लंबर म्हणाले. प्लंबर म्हटल्याचं फोल्कर्टला जरा लागलं, कारण पाणीपुरवठा.

"पुन्हा तेच ते दोघं!" वीबके टेबलावर हात आपटून म्हणाली. "त्यांची नावं कमी झळकली का रे आजवर? अरे, रोजच्या वापरातल्या बारक्या-बारक्या वस्तू कोण सांभाळतं? त्यांतली एक बंद पडली तर तुमचा गाभा बसेल धुपाटणं घेऊन."

फोल्कर्टने पेन्सिल खाली ठेवली. तो घसा साफ करून अगदी सहज आवाजात म्हणाला, "खरंय. उदाहरणार्थ, आता, छपाईच घ्या."

"छपाई?" हाबो म्हणाला. "ती तर होतेच की."

"ती तर होतेच की," असं फोल्कर्टने इतिवृत्तात लिहून घेतलं. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

कालव्याकाठच्या बाकांसाठी नगरपालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, म्हणून फोल्कर्ट तिथे गेला. तिथल्या सीफकेनबाई स्वभावाने भल्या आहेत, फक्त त्यांना नियम पाठ आहेत.

"ज्यांचं नाव घालायचंय ते वारले आहेत का?" बाईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे बहुतेक सगळे आहेत अजून."

"मग कठीण आहे. जिवंत माणसाचं नाव घालता येत नाही. उद्या त्याने काही भलतंसलतं केलं तर पाटी काढायचा खर्च नगरपालिकेवर."

"मग काय करायचं?"

"थांबायची तयारी असेल तर थांबा," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात विनोद नव्हता.

फोल्कर्ट उठायला लागला तेव्हा त्यांना एक अपवाद आठवला. गावातच दीर्घकाळ राहून ज्याने गप्पपणे लोकोपयोगी काम केलं आहे, अशा रहिवाशाचं नाव हयातीतही चालतं. अशा माणसाला नगरपालिका ओळखते, त्यामुळे तो काय भलतंसलतं करील याचा अंदाज असतो. बाईंनी नियमावली छापून हातात दिली. पाठपोट. फोल्कर्टने पानं उलटून पाहिली.

"सरळ आली," तो म्हणाला.

"काय?"

"पानं."

"ती येतातच, उकेना साहेब," बाई म्हणाल्या.

पण फोल्कर्टला याही बोलण्याचा राग आला नाही, इतका तो हरखला होता. कारण हिशेब साधा होता. गाभेवाला बाद, परवानेवाला बाद. एक फिनलंडचा, दुसरा समुद्रापलीकडचा. उरला टामेनफेनचा रहिवासी. आणि टामेनफेनमध्ये बसून ज्याने जगाच्या उपयोगी पडेल असं काही लिहिलंय, असा मंडळात एकच माणूस होता. हाबोने एक शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम लिहायला घेतला होता खरा, पण तो 'क्ष'पासून सुरू करून अजून मागे यायचा होता. सायकलवरून घरी जाताना फोल्कर्टने मनातल्या मनात थेडाला कालव्यावर फिरायला नेलं, पाटीसमोर थांबवलं, आणि तिने चष्मा लावेपर्यंत आपण पाण्यातल्या बदकांकडे बघत राहिलो, इथपर्यंतचं सगळं पाहून घेतलं. वाऱ्याने टोपी उडाली तेही त्याला गल्लीच्या तोंडाशी कळलं.

पुढच्या सभेत त्याने बाईंचा नियम वाचून दाखवला. आवाज होईल तितका कोरडा ठेवला. "म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "आपल्यापैकीच कुणीतरी."

खोलीत जी शांतता पसरली तिला तोड नाही. आमच्याकडे माणूस स्वतःचं नाव तर सुचवत नाहीच, पण समोर बसलेल्या मित्राचंही सुचवत नाही, कारण तोंडावर कौतुक करणं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं पाडणं. हाबोने कपात चमचा ठेवला. आमच्या चहाच्या रीतीत याचा अर्थ 'आता पुरे'. एकेक करून सगळ्यांनी चमचे ठेवले.

"मग पाटी कशी बसवायची तेवढं ठरवून टाकू," हाबो म्हणाला, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढचे कित्येक दिवस ई-मेलवर पाटीच्या स्क्रूंवर वाद चालला. फुलीच्या खाचेचे की षटकोनी, पितळी की गंज न चढणारे, आणि उघडता येणारा स्क्रू हे ओपन सोर्सच्या तत्त्वाला धरून आहे की चोराच्या सोयीचं आहे. एकाने तर अमुक एका स्क्रूच्या नक्षीवर कुणाचा तरी मालकी हक्क आहे असा शोध लावून सगळ्यांची झोप उडवली. नावाबद्दल अवाक्षर नाही. शेवटी तडजोड म्हणून रिव्हेट ठोकायचं ठरलं, म्हणजे स्क्रूच नको आणि कटकट नको.

मजकुरासाठी वीबकेने मंडळाच्या संगणकावर एक फाइल ठेवली होती. कुणीही उघडावी, कुणीही बदलावी. नावाच्या जागी तिने लिहिलं होतं: 'नाव इथे येईल'. फोल्कर्ट ती फाइल रोज उघडून बघे. नाव काही येत नव्हतं.

एका दुपारी थेडा गायनमंडळाच्या तालमीला गेली होती. घर रिकामं. फोल्कर्टने चहा करून घेतला, फाइल उघडली, इकडेतिकडे पाहिलं, आणि 'नाव इथे येईल' खोडून तिथे 'फोल्कर्ट उकेना' असं लिहिलं. फक्त बघायला. नवा कोट दुकानात अंगावर चढवून आरशात बघतात ना, विकत घ्यायचा नसला तरी, तसंच. यंत्राने रिवाजाप्रमाणे बदलाचं कारण विचारलं. यंत्राशी खोटं काय बोलायचं, म्हणून त्याने लिहिलं, 'कसं दिसतं ते बघतोय.'

दिसत बरं होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याची त्यालाच लाज वाटली, त्याने नाव पुसलं, 'नाव इथे येईल' परत लिहिलं, आणि कारण दिलं, 'बरं दिसत नाही.' उठून कप उचलला, तो खिशातला फोन वाजला. नवी ई-मेल. मंडळाच्या सर्व सभासदांना.

'फोल्कर्ट उकेना यांनी एक नाव घातलं: फोल्कर्ट उकेना. कारण: कसं दिसतं ते बघतोय.'

पाठोपाठ दुसरी. 'फोल्कर्ट उकेना यांनी एक नाव काढलं: फोल्कर्ट उकेना. कारण: बरं दिसत नाही.'

ओपन सोर्सच्या जगात कुणाचाही कुठलाही बदल सगळ्यांना आपोआप कळतो आणि कायमचा जपून ठेवला जातो. हीच त्याची थोरवी, असं फोल्कर्टने स्वतः गावच्या शाळेत जाऊन दोनदा भाषण दिलं होतं. चूक झाकता येऊ नये म्हणूनच ही सोय आहे. बाहेरचा कुणी असता तर त्याला माहीत नसल्याचं कारण देता आलं असतं. फोल्कर्टला तेही नव्हतं, कारण मंडळाच्या संगणकावर ती ई-मेलची व्यवस्था बसवली होती त्यानेच.

त्याने खुलासा करायचं ठरवलं. 'ती चाचणी होती' असं फाइलच्या तळाशी लिहिलं, ते सगळ्यांना गेलं. मग पाटीवर 'ती चाचणी होती' असं कोरलं जाईल म्हणून ते पुसलं, तेही सगळ्यांना गेलं. कारण देताना त्याचं बोट एकाच कळीवर राहिलं, म्हणून कारणाच्या जागी नुसतं 'ममम' उमटलं. मग त्याने कळफलकावरून हात काढले आणि चहाकडे बघितलं. चहा गार झाला होता.

सर्वांत वाईट म्हणजे कुणी काही बोललंच नाही. चेष्टा नाही, उत्तर नाही, काही नाही. बेकरीत हाबो भेटला, 'मोइन' म्हणाला आणि पाव घेऊन गेला. वीबके सायकलवरून जाताना हात करून गेली. फोल्कर्ट रात्रंदिवस त्या गप्पपणाचा कीस काढू लागला. हाबोचं 'मोइन' नेहमीपेक्षा आखूड होतं का? संध्याकाळी तो कपात चमचा ठेवायलाच विसरला, आणि थेडा रीतीप्रमाणे ओतत राहिली, आणि तो पीत राहिला, इतका की शेवटी तिनेच विचारलं, "तुला काय झालंय?"

"काही नाही."

"एइलर्ट विचारत होता, बाकावर कुणाचं नाव येणार आहे."

"ठरायचंय," म्हणून फोल्कर्ट वर निघून गेला.

अनावरणाची तारीख सीफकेनबाईंनी ठरवून दिली होती, त्यामुळे पाटी कोरायला देणं भाग होतं. चिटणीस म्हणून ते काम फोल्कर्टचंच. त्याने सर्वांना कळवलं: 'शुक्रवारपर्यंत हरकत न आल्यास फाइलमधला मजकूर जसा असेल तसा कोरायला पाठवत आहे.' तोवर कुणीतरी कुणाचं तरी नाव घालेल अशी त्याची खात्री होती. बहुधा हाबो हाबोचं घालेल. ते बघायची आपल्याला इच्छा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं आणि फाइल पुन्हा उघडली नाही. फाइल बदलल्याच्या ई-मेल येतील त्या न वाचताच जाव्यात अशी फोनवर व्यवस्थाही केली. त्याला कुठे माहीत की एकही ई-मेल येणार नव्हती! शुक्रवारी कुणाची हरकत आली नाही. त्याने फाइल पाटी कोरणाऱ्याला पाठवून दिली.

पाटी कोरणारा भला माणूस. गेल्या वर्षी मासेमारीवाल्यांच्या बाकावर त्याने त्यांच्या सांगण्यावरून 'इथे बसू नये' असं कोरलं होतं, तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला काही विचारत नाही. पाटी फडक्यात बांधून थेट नगरपालिकेकडे गेली, नगरपालिकेच्या माणसाने ती रिव्हेट ठोकून बाकावर बसवली आणि वर निळं कापड टाकलं.

अनावरण शनिवारी, कालव्याच्या काठी. वारा असा की बोलायचं तर पाठ फिरवून बोलावं लागे. अर्थात बोलत कुणी नव्हतंच. मंडळ सगळं हजर, नगरपालिकेतर्फे सीफकेनबाई, थेडा चहाचे दोन थर्मास घेऊन, आणि एइलर्ट टोपलीत ससा घेऊन. ससा कशाला आणला असं हाबोने विचारलं, तर म्हणाला, "शोभा म्हणून." फोल्कर्ट सर्वांच्या मागे उभा होता. हाबोने घसा साफ केला, भाषण काही सुचेना, म्हणून त्याने सरळ कापड ओढलं.

एइलर्टची नजर अजून चांगली आहे. त्याने वाकून मोठ्याने वाचलं, "'ओपन सोर्सच्या जगावर ज्यांचा सर्वांत मोठा प्रभाव पडला, त्या नाव इथे येईल यांच्या सन्मानार्थ.'" मग तो सरळ उभा राहिला. "हा कोण?"

ससा टोपलीतून पाटीकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा भाव पहिल्यांदाच प्रसंगाला शोभून दिसला.

फोल्कर्ट पुढे झाला. "चूक माझी," तो म्हणाला. "मी फाइल न बघता पाठवली. नवी पाटी मी माझ्या खर्चाने करून देतो."

"काढता येणार नाही," सीफकेनबाई म्हणाल्या. "रिव्हेट आहेत. आणि काढायची काही गरजही दिसत नाही मला." त्यांनी चष्मा चढवून मजकूर पुन्हा वाचला. "जिवंत माणसाचं नाव नाही, जाहिरात नाही, बीभत्स काही नाही. नियमात अगदी चोख बसतंय. बदलायचं असेल तर नव्याने परवानगी काढा, पण माझं ऐकाल तर राहू द्या."

"पण त्याला काही अर्थ आहे का?" फोल्कर्ट जवळजवळ ओरडलाच. "नाव घालायला एवढे दिवस होते! कुणाचंही घालायचं! कुणी बोलला का तोंडातून एक शब्द?"

हाबो कालव्याकडे बघत होता. तो तसाच बघत म्हणाला, "तू घातलं होतंस ना नाव. ई-मेल आली होती."

"कसली ई-मेल?" थेडाने विचारलं.

आपल्याला या क्षणी कालव्यात उडी मारता येईल का, याचा फोल्कर्टने विचार केला. पाणी गुडघाभरच होतं. "ते मी काढलं लगेच," तो पुटपुटला. "उगाच बघत होतो. चूक झाली."

"आम्ही वाचली ती ई-मेल," हाबो म्हणाला. "मी काही बोललो नाही."

"ते कळलं मला."

"नाही कळलं तुला." हाबोने आता त्याच्याकडे पाहिलं. गणिताच्या तासाला फळ्यावरचं सोपं उदाहरण ज्याला सुटत नाही अशा मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "मी काही बोललो नाही. वीबके काही बोलली नाही. खजिनदार काही बोलला नाही. कुणीच काही बोललं नाही. मंडळात याचा अर्थ काय होतो, ते दर महिन्याला इतिवृत्तात कोण लिहितं?"

फोल्कर्टने पाटीकडे पाहिलं.

"मला तर बरंच वाटलं होतं," वीबके म्हणाली. "म्हटलं, चला, एकदाचा सुटला गुंता. आणि तू चहा गार व्हायच्या आत काढून टाकलंस, शहाण्या!"

"मग आम्हाला वाटलं, याला नको असेल," हाबो म्हणाला. "नको असेल तर कोण काय बोलणार. म्हणून पुन्हा काही बोललो नाही." एवढं बोलून तो दमला आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागला. आम्ही हाबोला ओळखतो तेव्हापासूनचं हे त्याचं सर्वांत लांब भाषण.

एइलर्ट एकदा पाटीकडे, एकदा फोल्कर्टकडे बघत होता. "म्हणजे," तो टोपली या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "हा बाक याचा?"

वारा वाहत होता. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही.

थेडाने थर्मासचं झाकण फिरवलं. कप काढले, प्रत्येकात खडीसाखर टाकली, चहा ओतला, वरून साय सोडली, आणि पहिला कप अध्यक्षांना न देता नवऱ्याच्या हातात दिला. "गायनमंडळाची गाणी मी छापते दर आठवड्याला," ती म्हणाली. "पाठपोट. कधी एक पान उलटं आलं नाही." थर्मासचं झाकण लावत ती पुढे म्हणाली, "मला वाटायचं, येतंच."

याहून मोठं कौतुक पूर्व फ्रीसलंडमध्ये लग्नाच्या बायकोकडून कुणाला मिळालेलं आमच्या ऐकिवात नाही. फोल्कर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. वारा होताच, त्यामुळे कुणाला काही म्हणायला जागा राहिली नाही.

सगळे कप हातात घेऊन बाकाभोवती उभे होते. नवा कोरा बाक, तिघांपुरता, पण आमच्याकडे बसायला पहिला कुणी जात नाही. सीफकेनबाईंनी घड्याळ बघितलं. हाबोने वजन या पायावरून त्या पायावर घेतलं. एइलर्टसुद्धा, ज्याला कधी कुठे बसायला संकोच वाटल्याचं ऐकिवात नाही, टोपली सांभाळत उभाच राहिला.

फोल्कर्ट बाकापाशी गेला. पाटीच्या बरोबर पुढे, अगदी कडेला टेकला, उठावं लागलं तर चटकन उठता येईल असा. कप गुडघ्यावर ठेवला आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत थोडा वेळ वाट पाहिली.

कुणी हरकत घेतली नाही. मग तो नीट मागे रेलून बसला आणि थेडासाठी जागा करायला थोडा सरकला.